दुसऱ्या नंबराची जागा

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, तर आधी एक श्वास घे. मी बरी आहे. गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो, घर जागच्या जागी आहे आणि तू दिलेली गॅलरीतली कुंडी अजून अर्धी जिवंत आहे. आयुष्यभर कीबोर्ड बडवलेल्या बाईने कागद-पेन घेऊन बसायचं म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार, असं तुला वाटणार हे ठाऊक होतं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. पहिला कागद तर नुसता हात बसवण्यातच गेला. अक्षर पार कोंबडीच्या पायांसारखं झालंय, सांभाळून घे. आणि चहा कर, बसून वाच. पत्र असो की बिल, उभ्याउभ्या वाचून टाकायची तुझी सवय मला चांगली माहीत आहे, कारण ती माझ्याकडूनच आली आहे.

बातमी अशी, की आमचं फडताळ महिनाअखेर बंद होतंय. तुझ्या मावशीला फोनवर हेच सांगितलं तर ती हळहळली आणि म्हणाली, सागवानी असेल तर विकू नकोस. मग लक्षात आलं, की इतकी वर्षं नोकरी केली पण आपण नेमकं काय करतो हे सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलेलं नाही. तिला मी असं समजावलं. कुठलंही नवं सॉफ्टवेअर उभं करायचं तर शंभर बारीकसारीक गोष्टी ठरवाव्या लागतात. तारीख कशी लिहायची, अक्षरं केवढी ठेवायची, माणूस जागेवरून उठून गेला तर स्क्रीन किती वेळाने बंद करायची, काही बिघडलं तर फोन कोणाला करायचा. दर वेळी हे नव्याने ठरवत बसलं तर निम्मे दिवस भांडणात जातात. म्हणून एकदा नीट विचार करून ठरवलेलं आम्ही एका ठिकाणी जपून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टने ते तिथून घ्यायचं असं ठरलं. कागदोपत्री त्याचं नाव सामायिक संग्रह. मी त्याला फडताळ म्हणायला लागले आणि बघता बघता सगळं ऑफिस म्हणायला लागलं.

त्यातून घ्यायच्या दोन रीती, हेही तिला सांगितलं. एक तर फडताळाशी जोडून राहायचं, म्हणजे मी तिथे काही सुधारलं की ते आपोआप सगळ्यांकडे पोचतं. नाहीतर आहे तसं उतरवून घ्यायचं आणि आपला संसार वेगळा थाटायचा. जोडून राहिलात तरी एखादी गोष्ट पटली नाही तर तिच्यावर आपली लिहायची मुभा असते. जी जागा रिकामी ठेवाल तिथे मात्र फडताळातलंच लागू होतं. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग यात रोज डबा घेऊन जाण्यासारखं काय होतं. तुला उत्तर सुचलं तर तिला कळव.

तर आमच्या नव्या साहेबांनी एका मोठ्या कंपनीचं तयार फडताळ आणलंय. नवे म्हणजे वयानेही नवेच, मला काकू म्हणावं की मॅडम हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. वाईट माणूस नाही. नवं फडताळ चांगलं आहे, माझ्यापेक्षा नीटनेटकं आहे, हे मी स्वतः तपासून सांगितलं. मी निवृत्त होतेय त्याच आठवड्यात जुनं बंद करायचं, आणि बंद करायचं कामही माझ्याकडेच. बांधलंत तुम्ही, तर निरोपही तुम्हीच द्या, असं ते म्हणाले आणि आपण काहीतरी छान बोललो अशा चेहऱ्याने निघून गेले. गेले काही महिने मी एकेका प्रोजेक्टला सोडवून नव्या जागी नेऊन बसवतेय. सगळे गेले. आता माझ्या फडताळाशी जोडलेलं एकच प्रोजेक्ट उरलंय, ते तुझं.

तू सुटल्याशिवाय मला ते बंद करता येत नाही. जबरदस्तीने बंद केलं तर तुझं सॉफ्टवेअर पुढच्या वेळी सुरू होताना फडताळ शोधेल, ते सापडणार नाही आणि ते तिथेच बसून राहील. मग ते ज्यांवर नजर ठेवतं ते औषधांच्या दुकानांतले फ्रिज गरम होत राहतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही. म्हणून महिनाअखेरीच्या आत तुला सगळं उतरवून घ्यायला हवं. काम फार नाही. चहा निवायच्या आत होईल. फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखं आहे, आणि कित्येक रविवार मी हे सांगायचं ठरवून फोनला बसतेय आणि न सांगता ठेवतेय. सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे ते करून टाकलं असतंस आणि म्हणाली असतीस, झालं, आई. त्या शब्दाची मला धास्ती वाटते, दुसरं काही नाही.

तू फडताळाला जोडून घेतलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. तू आणि जावईबापू शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत दोन टेबलं मांडून बसला होतात. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि तुमचे फोन त्यात ऐकू जायचे नाहीत. बाहेरच्या कोणाला फडताळ वापरता येतं का, असं तू एखाद्या अनोळखी ऑफिसात विचारावं तसं विचारलंस. मी तेव्हाच्या साहेबांची परवानगी काढली. ते म्हणाले, यात गुपित काय आहे, वापरू दे. उतरवून घेतेस की जोडून राहतेस, असं मी विचारलं. जोडून, असं तू लगेच म्हणालीस. तुझ्या सुधारणा फुकटात मिळत असतील तर का सोडू, हेही वर ऐकवलंस. मी तुला चांगलंच झापलं. पण त्या दिवशी ऑफिसातून घरी चालत आले, बसची आठवणच झाली नाही.

पुढे तू एकेक गोष्ट बदलत गेलीस. कोणी कशावर काय लिहिलं हे फडताळ सांभाळणाऱ्याला दिसतं. दिसावंच लागतं, नाहीतर मी इकडे एक सरळ करायला जाईन आणि तिकडे कोणाचं तरी वाकडं होईल. सगळ्यात आधी तू अक्षरांचा आकार लहान केलास. मोठी अक्षरं तुझ्या बाबांची. स्वतः चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, आणि माझी स्क्रीन बघून म्हणाला होता, की असलं बारीक लिहून माझं गिऱ्हाईक वाढवतेस का. तेव्हापासून फडताळात अक्षरं मोठी. तू ती लहान केलीस तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि ते हसत म्हणाले, चाळिशी येऊ दे तिची. मग तारखा बदलल्यास, रंग बदललेस. ते मला आवडत होतं. पोरगी स्वतःचं डोकं चालवतेय असं वाटायचं. फक्त संध्याकाळची शांत वेळ तू काढून टाकलीस तेव्हा वाईट वाटलं. दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंत अगदी आगच लागल्याशिवाय कोणाला फोन जाऊ नये, असं मी फडताळात लिहून ठेवलं होतं. तू लहान असताना तेवढा वेळ तुझा होता. तू मांडीवर बसून खिशातून एकेक वस्तू काढायचीस, बटणं, बिया, तुटक्या पेन्सिली, आणि प्रत्येक कुठे सापडली ते सांगायचीस. खारूताई हे नाव तेव्हाच पडलं. तुमच्या घरात संध्याकाळ उरलेली नाही, हे मला त्या एका बदलावरून कळलं. फोनवर तू सांगितलं नव्हतंस.

फोनवर आपण दोघी काय सांगतो म्हणा. तू विचारतेस जेवलीस का, मी विचारते जेवलीस का. तिकडे पाऊस, इकडे ऊन, गुडघा कसा आहे, काम कसं आहे, सगळं बरं. हवामान खात्यातल्या दोन बायका ड्युटी बदलताना बोलतील तसं. बाबा होते तोवर ते मध्येच माझ्या हातून फोन ओढून घ्यायचे, तुला काहीतरी भलतंच विचारायचे आणि तू खदखदून हसायचीस. ते हसणं आमच्या दिवाणखान्यात ऐकू यायचं. आता फोन ओढून घ्यायला कोणी नाही. मी घरी येते, एका माणसाचं शिजवते, आणि अंदाज अजून चुकतो, दुसऱ्या दिवशी तेच खाते. रेडिओ बातम्यांसाठी लावत नाही, आवाजासाठी लावते. निवृत्त झाल्यावर सकाळी कोणत्या दिशेने चालायला लागायचं, हे अजून ठरलेलं नाही. एकटं वाटतं गं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आता तुला सांगतेय.

मूळ गोष्टीकडे येते. फडताळातला माझा सगळ्यात आवडता नियम कोणता, तुला माहीत आहे? दोन नंबरांचा. काही बिघडलं की पहिल्या नंबरावर फोन जातो, तो उचलला नाही तर दुसऱ्यावर. दुसऱ्याची जागा रिकामी चालत नाही. हा नियम तुझ्यामुळे झाला. तेव्हा फडताळ नव्हतं, ऑफिसच्या भिंतीवर एक कागद असायचा आणि त्यावर फक्त माझ्या घरचा नंबर. ज्या दिवशी तू जन्मलीस त्याच दिवशी एका धान्याच्या गोदामातलं वजनाचं सॉफ्टवेअर बंद पडलं. घरी फोन वाजत होता आणि आम्ही दोघंही दवाखान्यात. बाहेर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर चिडले, गोदामवाल्याने ऑफिस डोक्यावर घेतलं. पुढच्या आठवड्यात तेव्हाचे साहेब तुला बघायला फुलं घेऊन आले, पण चेहरा फुलांना शोभेसा नव्हता. तुला मांडीवर घेऊन मी त्यांना सांगितलं, की यापुढे एका माणसावर काहीही टांगून ठेवायचं नाही. त्या माणसालाही कधी बाळंत व्हायचं असतं.

नंतर फडताळ झालं तेव्हा हा नियम मी त्यात घातला. ऑफिसातली मंडळी माझ्याशी भांडली. काही ठिकाणी एकच माणूस असतो, दुसरा आणायचा कुठून, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग शोधा, पण जागा रिकामी ठेवू देणार नाही. त्यांचं शोधून होईपर्यंत काम अडायला नको म्हणून मी त्या जागी आपल्या घरचा नंबर घालून ठेवला. पुढे ज्याने त्याने त्यावर आपापला दुसरा नंबर लिहिला, आणि खाली माझा नंबर पडून आहे हे सगळे विसरले. मीसुद्धा विसरले. बाबांच्या पश्चात घरी फोन घ्यायला कोणी नसायचं तेव्हाही नंबर मी तोच ठेवला, फक्त त्यावरचे फोन मोबाइलवर वळवून घेतले. फोन कंपनीच्या माणसाने नवा, सोपा नंबर देतो म्हणून किती गळ घातली, मी बधले नाही.

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसात जेवणाचा डबा धूत होते आणि फोन वाजला. यंत्रातली बाई बोलत होती. तिने तुझ्या प्रोजेक्टचं नाव घेतलं, एका औषधाच्या दुकानातला फ्रिज गरम होतोय म्हणून सांगितलं, पहिल्या नंबरावर कोणी उचलत नाही म्हणाली, आणि तुम्ही बघणार असाल तर एक दाबा, असंही. तो आवाज मीच निवडला होता, बरं का. बाकीच्यांना तो फार कडक वाटला होता. आधी वाटलं काहीतरी गोंधळ झालाय. मग हात तसेच ओले आणि मी उभी. एक दाबता येईना. दाबलं म्हणजे जबाबदारी घेतली, मग ती बाई कोणालाच फोन करत नाही, आणि तुझ्या फ्रिजचं मी इथे बसून काय करणार? नाही दाबलं. नाही दाबलं की ती पुन्हा पहिल्या नंबराकडे जाते, मग पुन्हा दुसऱ्याकडे. तिचं फिरणं सुरू झालं. तुझा फोन वाजायचा, मग माझा. माझा थांबला की मी मनात म्हणायचे, आता तिकडे वाजतोय, उचल गं, उचल. आणि पुन्हा माझाच वाजायचा. शेवटी वाजायचा बंद झाला. तू उचललास. माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच तुला फोन केला तर तू म्हणालीस, आई, घाईत आहे, सगळं ठीक आहे, थोडी सर्दी आहे. तो आवाज सर्दीचा नव्हता, खारूताई. तुझी सर्दी मी लहानपणापासून ओळखते.

जागेवर जाऊन फडताळ उघडलं. तुझ्या दुसऱ्या नंबराच्या जागी इतकी वर्षं जावईबापूंचा नंबर होता. तो काढलेला. त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून फडताळातलं लागू झालं होतं. म्हटलं, त्यांनी फोन बदलला असेल. रविवारी सहज विचारलं, ते कसे आहेत. तू म्हणालीस, बरा आहे, बाहेर गेलाय. पुढच्या रविवारी बाहेर, त्याच्या पुढच्या रविवारी बाहेर. इतका बाहेर राहणारा माणूस मी फक्त टपाल खात्यात बघितलाय. मी विचारायचं सोडलं. तुला दर रविवारी त्याच्यासाठी नवं काम शोधावं लागतंय, हे मला ऐकवेना.

दुसऱ्या वेळी फोन आला तेव्हा मी बाजारात होते. रविवार, सकाळ, हातात कांद्याची पिशवी. या वेळी ती बाई फिरतच राहिली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, मग उठले आणि सरळ बसस्टँडवर गेले. घरी जाऊन पैसे, कपडे घ्यावेत एवढंही सुचलं नाही. पाकिटातल्या पैशांत अर्ध्या रस्त्यापर्यंतचं तिकीट आलं असतं. तिकिटाच्या रांगेत माझा नंबर यायला आला आणि फोन वाजायचा थांबला. तू उचलला होतास. मागच्या माणसाने पुढे सरका म्हटलं, मी बाजूला झाले आणि कांदे घेऊन घरी आले. दुपारी तू फोनवर म्हणालीस, आज उठायला उशीर झाला. मी म्हटलं, मी बाजारात गेले होते. दोघीही खरंच बोलत होतो.

आणखी एक सांगते, ते वाचून हसलीस तरी चालेल. त्या फोनची मी वाट बघायला लागले. पोरीच्या घरी काही बिघडावं असं कुठल्या आईला वाटेल? मलाही वाटत नव्हतं. पण फोन उशाशी ठेवायचे, आंघोळीला जाताना मोरीच्या खिडकीत ठेवायचे. तो वाजला की आधी तुझी काळजी वाटायची आणि त्याबरोबर हेही वाटायचं, की कुठेतरी अजून माझा नंबर लागतो. बाकी मला फोन करतात ते बँकेवाले. तुझी जागा रिकामी ठेवताना तिथे काय येतं हे तू बघितलं होतंस का? तू हाच धंदा करतेस, रिकाम्या जागी फडताळातलं येतं हे तुला कोणी शिकवायला नको. पण हे मी विचारणार नाही. बघितलं होतंस असं धरून चालते, मला बरं वाटतं.

तू सांगितलं नाहीस याचा राग नाही. मी तरी कुठे सांगितलं? माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं. आता दचकू नकोस, उत्तम झालं. तू कामात आहेस, त्यात तुझं हे असं चाललंय, म्हणून बोलले नाही. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, काही लागलं तर कोणाला फोन करायचा. दुसऱ्या नंबरासाठी सगळ्या ऑफिसशी भांडलेली बाई तिच्यासमोर मोबाइलमधली नावं खालीवर करत राहिली. शेवटी शेजारणीचा नंबर दिला. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आले, आणि चष्मेवाल्याच्या बायकोचे डोळे बघायला चष्मेवालाच नाही, हे मनात येऊन रडले. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. तेवढं पथ्य मोडलं.

तर आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. तुझ्यासाठी फडताळाची शेवटची आवृत्ती मी वेगळी काढून ठेवली आहे. ती उतरवून घे आणि सुटी हो. त्यात बाबांची मोठी अक्षरं आहेत, संध्याकाळची शांत वेळ आहे, तुला हवं ते ठेव, नको ते बदल, आता त्यात डोकावायला मी नसेन. मात्र तिच्यातून मी एक गोष्ट काढली आहे, ती म्हणजे माझा नंबर. दोन नंबरांचा नियम तसाच ठेवलाय, त्यामुळे उतरवून घेताना ते तुला अडवेल, दुसरा नंबर विचारेल, आणि रिकामी जागा भरायला खाली कोणीही नसेल. तिथे थांब. जावई घर सोडून गेलाय हे मला माहीत आहे, तुला ते तोंडाने सांगायची गरज नाही, आणि आता रविवारी त्याला बाहेरही पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात माझा डावा डोळा आहे. ती मुलगी पुन्हा विचारेल तेव्हा मी तुझा नंबर सांगणार आहे. आणि तुझ्या त्या जागेत तू माझा घाल. आजवर आपोआप येत होता, या वेळी तुझ्या हाताने घाल. शोधावा लागणार नाही. गर्दीत हरवलीस तर कोणालाही सांगता यावा म्हणून लहानपणी मी तो तुझ्याकडून पाठ करून घेतला होता. तोच आहे, मी बदललेला नाही.

तुझीच,
आई